मूळ संख्यांचे बिट : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात १०० पर्यंतच्या पंचवीस मूळ संख्या बायनरीत, म्हणजे द्विमान पद्धतीत, एकाखाली एक छापल्या होत्या आणि ‘यात काही नक्षी दिसते का, कळवा’ असं म्हटलं होतं. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. वाचण्यापूर्वी दोन संकेत लक्षात ठेवा. २^११ म्हणजे २ चा अकरावा घात. आणि बिटांची, म्हणजे बायनरीतल्या ० किंवा १ या अंकांची, स्थानं उजवीकडून, शून्यापासून मोजायची. १३ म्हणजे ११०१. त्यात ०, २ आणि ३ या स्थानांवर १ आहे.

प्रश्न : यादी एक्सेलमध्ये पुढे वाढवली. ५०९ पर्यंत नीट चाललं, ५२१ ला चूक दाखवली. मग दुसरीकडून मोठ्या संख्यांची बायनरी रूपं आणून चिकटवली, तर त्यातल्या कित्येक चक्क ० ने संपतात. मूळ संख्या सम कशी निघेल?

दोन्ही दोष एक्सेलचे आहेत, संख्यांचे नाहीत.

‘डेक-टू-बिन’ हे फंक्शन फक्त दहा बिटांत काम करतं आणि त्यातला एक बिट ऋण संख्यांसाठी राखून ठेवतं. त्यामुळे ५११ च्या पुढे ते हात वर करतं. ५०९ नंतरची मूळ संख्या ५२१, म्हणून चूक नेमकी तिथे आली. त्याऐवजी ‘बेस’ हे फंक्शन वापरा. आधी संख्या, मग २, आणि तिसऱ्या जागी किमान किती अंक हवेत ते द्या. तिसरी जागा भरली की डावीकडे शून्यं येतात आणि सगळे स्तंभ एका रेषेत बसतात. नक्षी शोधायची तर हे हवंच.

दुसरा दोष जास्त फसवा आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधराच अंक जपतं, पुढच्या अंकांच्या जागी शून्यं भरतं. ३२७७१ ही मूळ संख्या बायनरीत सोळा अंकी आहे : १०००००००००००००११. ती ‘संख्या’ म्हणून चिकटवली की शेवटचा १ जातो आणि ० येतो. एकदा गेलेला अंक सेलचं स्वरूप नंतर बदलून परत मिळत नाही. म्हणून चिकटवण्यापूर्वीच तो स्तंभ ‘टेक्स्ट’ करून घ्या. १ किती आहेत हे मोजायला मजकुराची एकूण लांबी घ्या, त्यातून सगळे १ काढून टाकल्यावर उरणारी लांबी वजा करा. ‘लेन’ आणि ‘सब्स्टिट्यूट’ या दोघांत काम होतं. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की तिथलं ‘बिन’ फंक्शन उत्तरापुढे दोन जादा अक्षरं लावतं. बिटांची लांबी दोनने जास्त येत असेल तर कारण हेच.

प्रश्न : तुमच्या यादीत १ विषम वेळा येणाऱ्या मूळ संख्या १५ आहेत आणि सम वेळा येणाऱ्या १०. हा योगायोग समजायचा का?

योगायोग नाही. आलेल्या प्रश्नांतला हा सर्वांत चांगला प्रश्न, म्हणून जरा सावकाश घेऊ.

आधी ३ ची कसोटी. २ ला ३ ने भागलं तर बाकी २, म्हणजेच उणे १. म्हणून २ चे घात ३ च्या दृष्टीने आळीपाळीने +१, −१, +१, −१ असे वागतात. सम स्थानांवरचे १ मोजा, विषम स्थानांवरचे १ मोजा, वजाबाकी करा. या वजाबाकीला फरक म्हणू. फरकाला ३ ने भाग गेला तरच मूळच्या संख्येला ३ ने भाग जातो. दशमान पद्धतीत ११ ची कसोटी अशीच असते, ती शाळेत शिकलेली आठवत असेल.

आता गंमत बघा. दोन गटांतल्या १ ची बेरीज आणि त्यांचा फरक हे दोन्ही एकतर सम असतात किंवा दोन्ही विषम. म्हणजे ‘१ एकूण विषम वेळा येतो का’ हा प्रश्न आणि ‘फरक विषम आहे का’ हा प्रश्न एकच. ३ च्या पटींचा फरक ०, ३, −३, ६ यांपैकी काहीतरी असतो. लहान संख्यांत फरक ० असणं सोपं, ३ असणं अवघड. म्हणून ३ च्या पटींत १ बहुतेक सम वेळा येतो. ३, ६, ९, १२, १५, १८ सगळ्या तशाच. पहिला अपवाद २१, म्हणजे १०१०१, जिथे तिन्ही १ सम स्थानांवर आहेत. १०० पर्यंतच्या ३३ पटींत असे अपवाद फक्त सात : २१, ४२, ६९, ८१, ८४, ८७, ९३. मर्यादा कुठलीही घेतली तरी ३ च्या पटींत सम गटच पुढे राहतो, हे डी. जे. न्यूमन यांनी १९६९ मध्ये सिद्ध केलं.

३ सोडून कोणतीही मूळ संख्या या पटींत बसत नाही. ‘सम’ बाजूची मोठी रास ३ ने उचलून नेली की मूळ संख्यांच्या वाट्याला ‘विषम’ बाजूचं जास्त उरतं. १५ विरुद्ध १० चं मूळ इथे आहे.

पण एवढ्यावर थांबलात तर अर्धं चित्र हातून जाईल. बिटांच्या लांबीप्रमाणे संख्या वेगळ्या काढा. आठ बिटांच्या विषम संख्या ६४ आहेत. पहिला आणि शेवटचा बिट १ ठरलेला. त्यातला एक विषम स्थानावर, एक सम स्थानावर, म्हणून ते एकमेकांना खोडतात. मधल्या सहा बिटांतून फरक ० चे २० प्रकार, +१ आणि −१ चे प्रत्येकी १५, +२ आणि −२ चे प्रत्येकी ६, +३ आणि −३ चा प्रत्येकी १. ३ च्या पटी काढल्या की ४२ संख्या उरतात. त्यांत विषम ३०, सम फक्त १२. आता प्रत्यक्ष मूळ संख्या मोजा. १३१ पासून २५१ पर्यंत त्या २३ आहेत. १९ मध्ये १ विषम वेळा येतो, चारच संख्यांत सम वेळा : १३९, १४९, १६३, १९७.

नऊ बिटांचं मात्र तसं नाही. तिथे पहिला आणि शेवटचा दोन्ही १ सम स्थानांवर पडतात, त्यामुळे फरक शून्याभोवती न राहता दीडभोवती पसरतो. फरक १ चे जितके प्रकार, तितकेच २ चे. −१ चे जितके, तितकेच ४ चे. विषम-सम पारडी अगदी सारखी. २५७ ते ५०९ या ४३ मूळ संख्या मोजल्या तर विषम २० आणि सम २३ निघतात. म्हणजे कल जवळजवळ सगळा सम लांबीच्या संख्यांमधून येतो. स्तंभ नीट लावले नाहीत किंवा सगळ्या लांबींची सरमिसळ केली तर हे दिसतच नाही.

पुढे काय होतं? सम लांबीतला हा कल दर दोन बिटांमागे पाऊणपट होत जातो. आठ बिटांत ६४ पैकी १८ चा फायदा होता, दहा बिटांत २५६ पैकी ५४. अखेरीस वाटणी निम्मी-निम्मी होते का, हा प्रश्न रशियन गणिती गेलफोंड यांनी १९६० च्या दशकात विचारला होता. ‘होते’ हे उत्तर मोदुई आणि रिव्हा या फ्रेंच गणितींनी सिद्ध केलं आणि ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. ३ च्या पटींचं काम पाटीवर होतं. मूळ संख्यांचं व्हायला चाळीस वर्षं लागली.

प्रश्न : मूळ संख्या उलटी वाचली तर बऱ्याचदा मूळ संख्याच मिळते. ११ (१०११) उलटली की १३ (११०१), २३ उलटली की २९, ३७ उलटली की ४१. नियम आहे का?

नियम नाही, १९ वर तो तुटतो. १००११ उलटं केलं की ११००१, म्हणजे २५. सहा बिटांच्या सात मूळ संख्यांपैकी फक्त ५९ नापास होते (उलट ५५). सात बिटांत मात्र तेरापैकी चार नापास : ७९, ८९, १०३ आणि १०९ उलटल्या की अनुक्रमे १२१, ७७, ११५ आणि ९१ मिळतात.

तरी यश इतकं जास्त का? दोन मोठे अडथळे आपोआप टळतात. पहिला बिट १ असल्याने उलट संख्या विषमच येते. आणि उलटताना सम-विषम स्थानांचे गट एकतर तसेच राहतात किंवा अदलाबदल होतात. फरकाचं चिन्ह बदलेल, पण ३ ने भाग जाणं-न जाणं बदलत नाही. म्हणजे २ आणि ३ या दोघांच्या तावडीतून उलट संख्या आधीच सुटलेली असते. नापास झालेल्या सगळ्या ५, ७ किंवा ११ ने पकडल्या गेल्या आहेत, बघा.

दोन्हीकडून सारख्या वाचल्या जाणाऱ्या संख्यांबद्दल मात्र पक्का नियम आहे. लांबी सम असेल तर प्रत्येक १ चा जोडीदार विरुद्ध गटात जातो, फरक शून्य, ३ ने भाग. म्हणून सम लांबीची अशी मूळ संख्या एकच : ११, म्हणजे ३. बाकीच्या ५, ७, १७, ३१, ७३, १०७, १२७ सगळ्या विषम लांबीच्या.

प्रश्न : शेवटून दुसऱ्या बिटाला काही अर्थ आहे का?

आहे, आणि तो जुना आहे. शेवट ०१ असेल तर ती मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, ११ असेल तर कधीच नसते. ४१ = १०१००१ = २५ + १६. तिच्या शेजारची ४३ = १०१०११; कितीही खटपट करा, दोन वर्गांत बसणार नाही. हे फर्माचं प्रमेय. दोन्ही प्रकारच्या मूळ संख्या अनंत आहेत, पण मोजत गेलात तर ११ वाल्या पुढे राहतात. १०० पर्यंत १३ विरुद्ध ११. चेबिशेव्ह यांनी हा कल १८५३ मध्ये नोंदवला. ०१ वाल्या पहिल्यांदा पुढे जातात ते थेट २६,८६१ ला, आणि लगेच २६,८६३ ला बरोबरी होते.

प्रश्न : सगळे १ असलेल्या संख्या ३, ७, ३१, १२७ मूळ निघाल्या. अकरा वेळा १ घेतला तर २०४७ = २३ × ८९. गणित कुठे बिघडलं?

बिघडलेलं नाही, नियम एकाच दिशेचा आहे. १ ची संख्या संयुक्त असेल तर ती संख्या नक्की संयुक्त. पंधरा वेळा १ घ्या आणि तीन-तीनचे गट पाडा : १११ १११ १११ १११ १११. याला १११ ने सरळ भाग जातो, भागाकार १००१००१००१००१. म्हणजे ३२,७६७ = ७ × ४,६८१. १ ची संख्या मूळ असेल तर असे गट पडत नाहीत, पण दुसरा कोणी भाग घालणार नाही याची हमीही मिळत नाही.

अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. त्यांचे अवयव हातानं शोधायचे असतील तर दोन चाळण्या लावा. घातांक प ही विषम मूळ संख्या असेल, तर २^प − १ चा प्रत्येक मूळ अवयव २प च्या पटीपेक्षा एकने जास्त असतो, आणि त्याचे शेवटचे तीन बिट ००१ किंवा १११ असतात. २३ = १०१११, ८९ = १०११००१; दोन्ही बसतात. ८१९१, म्हणजे तेरा वेळा १, तपासून बघा. वर्गमूळ ९० च्या थोडं पुढे. २६ च्या पटींत १ मिळवून २७, ५३, ७९ एवढेच उमेदवार. २७ मूळ नाही. ५३ = ११०१०१ चा शेवट १०१, बाद. उरला ७९, भाग दिला तर बाकी ५४. एका भागाकारात ८१९१ मूळ ठरली.

मोठ्या घातांकांना ल्युका-लेमर कसोटी लागते. ४ पासून सुरुवात करा, वर्ग करून २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी घ्या. हे प − २ वेळा. शेवटी शून्य आलं तर मूळ. भागाकार करावा लागतच नाही, हे बायनरीचं खरं सुख : उजवीकडचे प बिट तोडा आणि डावीकडच्या उरलेल्या तुकड्यात मिळवा. ३१ साठी प = ५. ४ वरून १४. १४ वरून १९४, म्हणजे ११००००१०; तोडून ११० + ०००१० = १०००, म्हणजे ८. ८ वरून ६२, म्हणजे १११११०; तोडून १ + ११११० = १११११. तिसरी पायरी झाली, आणि उत्तर ३१ म्हणजेच शून्य.

चुका दोन ठिकाणी होतात. बिट तोडून बेरीज केली की शून्याऐवजी ‘सगळे १’ हाती येतात. ते शून्यच धरायचे, नाहीतर चांगली मूळ संख्या नापास होते. आणि सुरुवातीचा ४ पायरी म्हणून मोजायचा नाही. तुमच्या २०४७ ला नऊ पायऱ्यांत १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६ असं यायला हवं. शेवटी शून्य नाही, म्हणून संयुक्त. स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी या ओळीशी ताडून पाहावं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘जिम्प्स’ या स्वयंसेवी संगणक-प्रकल्पात ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली २^१३,६२,७९,८४१ − १ ही अशी बावन्नावी ज्ञात संख्या. दशमानात ४,१०,२४,३२० अंक. बायनरीत लिहायची तर १३,६२,७९,८४१ वेळा १, बस्स.

प्रश्न : मूळ संख्येचा एखादा बिट उलटवला तर दुसरी मूळ संख्या मिळतेच का?

लहान संख्यांत मिळते, १२७ ला साखळी तुटते. तिच्या १११११११ या सात बिटांतला कोणताही एक ० करा : १२६, १२५, १२३, ११९, १११, ९५, ६३. एकही मूळ नाही. याच सात वजाबाक्यांनी आणखी एक दावा पाडला. प्रत्येक विषम संख्या म्हणजे २ चा घात अधिक मूळ संख्या, असं द पोलिन्याक यांनी १८४९ मध्ये मांडलं होतं. १२७ त्यात बसत नाही. मात्र डावीकडची न लिहिलेली शून्यंही उलटवायची मुभा दिलीत तर १२७ सुटते : १०१११११११ म्हणजे ३८३, ती मूळ आहे.

उलट टोकाचं उदाहरण ७८,५५७ चं. बायनरीत १००११००१०११०१११०१. याच्यापुढे हवी तितकी शून्यं जोडा (एकही नसलं तरी चालेल) आणि शेवटी १ लावा. मूळ संख्या कधीच मिळणार नाही. ३, ५, ७, १३, १९, ३७, ७३ या सातांपैकी कोणीतरी प्रत्येक वेळी भाग घालतोच. हे सेल्फ्रिज यांनी १९६२ मध्ये दाखवलं.

प्रश्न : संदेश गुप्त ठेवण्याच्या आरएसए पद्धतीत ६५,५३७ हीच संख्या सगळीकडे का दिसते?

कारण तिच्यात १ फक्त दोन आहेत : १, मग पंधरा शून्यं, मग १. तिथे ही संख्या घातांक म्हणून वापरतात, आणि घात काढताना पहिल्यानंतरच्या दर बिटामागे एक वर्ग आणि दर जादा १ मागे एक गुणाकार लागतो. इथे सोळा वर्ग आणि एकच गुणाकार. ३ सुद्धा दोन १ चीच, पण घातांक इतका लहान असला आणि संदेशात योग्य भरण (मुद्दाम घातलेले जादा बिट) घातलं नसलं तर संदेश उघडा पडू शकतो. स्वतः १०२४ बिटांची मूळ संख्या बनवणाऱ्यांनी शेवटचा बिट १ आणि वरचे दोन्ही बिट १ करावेत. वरचा एकच १ केला तर दोन संख्यांचा गुणाकार कधीकधी २०४८ ऐवजी २०४७ बिटांचा येतो. त्या टापूत विषम संख्यांपैकी साधारण ३५५ मागे एक मूळ असते, तेव्हा पहिल्या शेकड्यात सापडली नाही म्हणून प्रोग्रॅमवर शंका घेऊ नका.

प्रश्न : देवळालीच्या कापरेकर गुरुजींच्या संख्या दशमानातल्या. बायनरीत त्यांचं काही चालतं का?

छान चालतं. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५; अशा संख्या म्हणजे द. रा. कापरेकर यांच्या नावाच्या संख्या. आता २८ घ्या. ती परिपूर्ण संख्या आहे, म्हणजे स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज तीच. बायनरीत १११०० : मर्सेन मूळ संख्या १११, आणि पुढे एक कमी इतकी शून्यं. वर्ग ७८४, म्हणजे ११०००१००००. उजवीकडचे सहा बिट तोडा : ११०० आणि ०१००००. बेरीज करा : १२ + १६ = २८. ६ ला उजवीकडचे चार बिट तोडले की १०,०१०० मधून २ + ४ = ६ मिळतात. १ जितके, त्याच्या दुप्पट बिट तोडायचे; प्रत्येक सम परिपूर्ण संख्या या रीतीने पास होते.

फक्त यावरून ‘मूळ संख्यांचा गुण’ असा निष्कर्ष काढू नका. १२० म्हणजे ११११०००. १५ मूळ नाही, १२० परिपूर्ण नाही, तरी १४,४०० चे उजवे आठ बिट तोडले की ५६ आणि ६४ मिळतात.